वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा चेहरा आणि मतपेटी

दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी आणि राजकीय सत्ता यांच्या नात्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहे. काही पत्रे चार-चार पानांची होती. त्यांतील मुख्य प्रश्न तेवढा येथे ठेवला आहे.

प्रश्न : आमचे गाव शिरूर लोकसभा मतदारसंघात येते. 2019 साली येथून डॉ. अमोल कोल्हे निवडून आले, तेव्हा ते दूरचित्रवाणीवर संभाजी महाराजांची भूमिका करीत होते. आमच्या पारावर तेव्हापासून एकच वाद चालू आहे, की लोकांनी मत कोल्हे यांना दिले की महाराजांना. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, जुन्नर तालुका

उत्तर : वादाचा निकाल लावण्याआधी त्या निवडणुकीत समोर कोण होते ते आठवू या. शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील 2004 पासून सलग तीन वेळा खासदार होते, गावोगावी त्यांची माणसे होती, आणि राज्यात युतीची लाट एवढी मोठी होती की 48 पैकी 41 जागा तिने घेतल्या. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांना मिळून पाचच जागा मिळाल्या, आणि त्या पाचांत शिरूर होते. कोल्हे निवडणुकीच्या थोडेच आधी शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले होते. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका त्या वर्षी झी मराठीवर चालू होती. तीन वेळच्या खासदाराला, लाटेच्या विरुद्ध, सुमारे 58 हजार मतांनी हरवणे हे पहिल्याच निवडणुकीत कोणाला सहज जमत नाही. भूमिकेचे वजन नाकारता येणार नाही, हे आपल्या पारावरच्या एका बाजूचे म्हणणे म्हणूनच बरोबर आहे.

या वजनाला जागेचाही आधार होता. शिवनेरी आपल्या तालुक्यात आहे आणि वढू बुद्रुकची संभाजी महाराजांची समाधी शिरूर तालुक्यात, म्हणजे याच मतदारसंघात आहे. वढूला हार घेऊन जाणारा माणूस ती मालिका निव्वळ करमणूक म्हणून पाहत नव्हता. ज्यांच्यापुढे तो दरवर्षी माथा टेकवतो, त्यांचे हाल तो रोज रात्री घरात बसून पाहत होता. हाच चेहरा घेऊन कोणी नंदुरबारला किंवा गडचिरोलीला उभा राहिला असता, तर त्याचे एवढे वजन पडले असते असे मला वाटत नाही. शिवाय कोल्हे मूळचे नारायणगावचे आहेत, त्यामुळे बाहेरचा उमेदवार लादला अशी तक्रार करायला विरोधकांना जागाच उरली नाही.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत या मतदारसंघातल्या सहापैकी पाच जागा राष्ट्रवादीने जिंकल्या. फक्त भोसरी भाजपकडे गेली. त्या पाच आमदारांपैकी कोणीही मालिकेत काम करीत नव्हते. साखर कारखाने, बाजार समित्या, दूध संघ, सोसायट्या आणि त्यांच्याभोवतीचे कार्यकर्ते असे जे जाळे पक्षाने तेथे अनेक वर्षे विणले होते, ते आधीपासूनच मजबूत होते. लोकसभेला त्या जाळ्याला सर्वांना चालेल असा चेहरा हवा होता आणि तो कोल्हे यांच्या रूपाने मिळाला. मला म्हणून असे वाटते की भूमिकेने लोकांना सभेपर्यंत आणले आणि संघटनेने त्यांना मतदान केंद्रापर्यंत नेले. दोन्हीपैकी एक नसते, तर निकाल काय लागला असता हे सांगणे अवघड आहे.

मात्र भूमिका एकदा चिकटली की ती केवळ फायद्यापुरती चिकटत नाही, हे जानेवारी 2022 मध्ये दिसले. कोल्हे यांनी 2017 साली, म्हणजे खासदार होण्याआधी, गांधीहत्येवरील एका चित्रपटात नथुराम गोडसेची भूमिका केली होती. तो चित्रपट पाच वर्षांनी प्रदर्शित व्हायची वेळ आली तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षातूनही विरोध झाला. शरद पवार यांनी कलावंत म्हणून केलेल्या भूमिकेकडे कलावंताची भूमिका म्हणूनच पाहावे, असे सांगून त्यांची पाठराखण केली. कोल्हे आळंदीला गेले आणि इंद्रायणीच्या काठी गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या स्थानी त्यांनी आत्मक्लेश केला. ज्या अभिनेत्याला लोकांनी संभाजी महाराज म्हणून डोक्यावर घेतले, त्याने गोडसे केला म्हणून लोक संतापले, यात विसंगती काहीच नाही. पहिल्या वेळी भूमिका आणि माणूस एक आहेत असे मानले, तर दुसऱ्या वेळी ते वेगळे आहेत असे कसे मानायचे? निळू फुले यांनी पडद्यावर इतके खलनायक रंगवले की गावाकडच्या बायका त्यांना पाहून बोटे मोडत, आणि हा माणूस मात्र राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला, अंधश्रद्धा निर्मूलनापासून सामाजिक कृतज्ञता निधीपर्यंत प्रत्येक कामात उभा राहणारा होता. ते एखाद्या मतदारसंघातून उभे राहिले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आपल्या वादाला खरे उत्तर मला 2024 च्या निकालात दिसते. तोपर्यंत मालिका संपून चार वर्षे झाली होती. पक्ष जुलै 2023 मध्ये फुटला होता, या मतदारसंघातले राष्ट्रवादीचे बहुतेक आमदार अजित पवार यांच्याबरोबर गेले होते, आणि समोर पुन्हा आढळराव पाटीलच, पण आता अजित पवार यांच्या पक्षाचे उमेदवार म्हणून उभे होते. जे जाळे 2019 ला हाताशी होते त्यातले बरेचसे या वेळी विरुद्ध बाजूला होते. तरीही कोल्हे यांचे मताधिक्य कमी झाले नाही. ते सुमारे 1 लाख 40 हजारांवर गेले. संभाजी महाराजांवरच्या महानाट्याचे प्रयोग ते मधल्या काळात करीत होते, त्यामुळे भूमिका पुरती सुटली होती असेही नाही. पण डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि जुन्नर, आंबेगाव, खेडच्या शेतकऱ्याच्या चाळीतला कांदा मातीमोल झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस शिवनेरीपासून पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत निघालेल्या शेतकरी मोर्चाच्या पुढे कोल्हे होते. पक्षफुटीचा राग आणि कांद्याचा राग ही दोन्ही कारणे मला त्या मताधिक्यात महानाट्याहून मोठी वाटतात. पहिल्या वेळी लोकांनी काही प्रमाणात महाराजांना मत दिले असेल; दुसऱ्या वेळी ते खासदाराला दिले, असे आपल्या पारावर माझ्या वतीने सांगावे.

प्रश्न : मी बडोद्याची मराठी. 1991 साली ‘रामायण’ मालिकेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया आमच्या शहरातून खासदार झाल्या, तेव्हा मी शाळेत होते. आमच्या आजी मतदान करून आल्यावर म्हणाल्या होत्या, ‘सीतामाईला नाही कसे म्हणायचे?’ देवाची भूमिका केली की मत मिळतेच, असे आहे का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आपल्या आजींचे वाक्य वाचून मला 1987 ची आमची गल्ली आठवली. तेथे दोनच टीव्ही होते. रविवारी सकाळी साडेनऊच्या आधी शेजारच्या काकू टीव्हीच्या लाकडी पेटीला हळदकुंकू लावत, उदबत्ती लावत, आणि आम्हा मुलांना हातपाय धुऊन पुढे सतरंजीवर बसवत. दाराबाहेर चपलांचा ढीग असे. भाग संपला की काकू पेटीचे सरकते दार दोन्ही बाजूंनी ओढून घेत. देव्हाऱ्याचा पडदा ओढताना त्यांचा हात जसा हळू होई तसाच तेव्हाही होई. रंगीत टीव्ही थोड्यांकडे होता, वाहिनी एकच होती, ती सरकारची होती, आणि त्या वेळी देशात बहुतेक ठिकाणी दुसरे काही पाहायचे ठरवले तरी पाहता येत नव्हते. आज शेकडो वाहिन्यांच्या काळात कोणत्याही मालिकेला तेवढे लक्ष मिळणे शक्य नाही. 1991 चा निकाल समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही.

तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. त्याच 1991 च्या निवडणुकीत, त्याच गुजरातमध्ये, साबरकांठा येथून अरविंद त्रिवेदी निवडून आले, आणि ते त्या मालिकेत रावण झाले होते. सीता आणि रावण दोघेही एकाच पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत गेले. देवत्वाची मते असती तर रावणाला मिळाली नसती. त्या वर्षी भाजपने गुजरातमधील 26 पैकी 20 जागा जिंकल्या होत्या. 1984 साली देशभरात ज्या पक्षाचे दोन खासदार होते त्याचे 1989 मध्ये 85 आणि 1991 मध्ये 120 झाले. मधल्या काळात अयोध्येचे आंदोलन झाले आणि सप्टेंबर 1990 मध्ये सोमनाथहून रथयात्रा निघाली. मालिका काँग्रेसच्या राजवटीत सरकारी वाहिनीवर दाखवली गेली आणि तिने तयार केलेल्या भावनेचे पीक दुसऱ्या पक्षाने काढले. आंदोलन मालिकेमुळे उभे राहिले असे मी म्हणणार नाही, ते आधीपासून चालू होते. पण गावोगावच्या लोकांना रामाचा एकच चेहरा, एकच वेश आणि एकच आवाज एकाच वेळी परिचयाचा झाला, आणि त्याचा उपयोग ज्यांच्याकडे संघटना आणि विषय दोन्ही होते त्यांना झाला.

याचा उलटा पुरावाही आहे. अमिताभ बच्चन यांनी राजीनामा दिल्यावर अलाहाबादची पोटनिवडणूक जून 1988 मध्ये झाली. मालिका तेव्हा ऐन भरात होती. काँग्रेसने सुनील शास्त्री यांच्या प्रचाराला खुद्द रामाची भूमिका करणारे अरुण गोविल यांना आणले. समोर बोफोर्सचा विषय घेऊन उभे राहिलेले विश्वनाथ प्रताप सिंह होते. राम ज्यांच्या प्रचाराला आले ते हरले, आणि विश्वनाथ प्रताप सिंह लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. त्याच गोविल यांना 2024 साली भाजपने मेरठमधून उमेदवारी दिली तेव्हा ते निवडून आले, पण सुमारे साडेदहा हजार मतांनीच, आणि तेही अयोध्येत मंदिराची प्राणप्रतिष्ठा होऊन जेमतेम चार महिने झाले असताना.

आपल्या शहराच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष वाटते. 1991 साली दीपिका यांनी ज्यांना हरवले ते रणजितसिंह गायकवाड बडोद्याच्या राजघराण्यातले होते आणि आधी खासदारही राहिले होते. महाराजा सयाजीरावांचे नाव ज्या शहराच्या विद्यापीठाला, बागेला आणि रुग्णालयाला आहे, तेथे खऱ्या राजघराण्यापेक्षा पडद्यावरचे राजघराणे लोकांना अधिक जवळचे वाटले. 1996 मध्ये ती जागा सत्यजितसिंह गायकवाड यांच्याकडे गेली, आणि त्यांचे मताधिक्य अवघे 17 मतांचे होते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. डोनाल्ड ट्रम्प यांना येथील लोकांनी एका टीव्ही कार्यक्रमामुळे ओळखले, असे येथे सर्रास म्हटले जाते. भारतातल्या नट-नट्यांच्या राजकारणापेक्षा हे वेगळे आहे का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : माझ्या मते वेगळे आहे, आणि वेगळेपणा अभिनयाच्या मुद्द्यावर आहे. मालिकेतल्या राजाला पाहणारा प्रेक्षक कितीही भावुक झाला तरी तो नट आहे हे त्याला माहीत असते; श्रेयनामावलीत त्याचे नाव येते. ‘द अप्रेंटिस’ हा कार्यक्रम जानेवारी 2004 मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाला तो ‘खरा’ म्हणून. त्यात ट्रम्प स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच इमारतीत, यशस्वी उद्योगपती म्हणून बसत आणि एकेका उमेदवाराला कामावरून काढून टाकत. ज्या भव्य बैठकीच्या खोलीत हे होई ती त्यांच्या कार्यालयाची खोली नव्हती, तर ट्रम्प टॉवरमध्ये कार्यक्रमासाठी उभारलेला सेट होता. ज्या वर्षी हा कार्यक्रम देशभर गाजला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या कॅसिनो कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. बातम्यांत ते छापून आले, पण पडद्यावरचा माणूस दर आठवड्याला ठाम निर्णय घेताना दिसत होता आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला. तासन् तासांचे चित्रण कापून त्यातून एक तास उरतो, आणि काय उरवायचे हे संकलक ठरवतो. प्रेक्षकाला ते कापणे दिसत नाही, त्यामुळे तो आपण प्रत्यक्षच पाहिले असे समजतो.

रोनाल्ड रेगन यांचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते, पण ते तंतोतंत बसत नाही. रेगन यांनी 1954 ते 1962 या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे निवेदन केले हे खरे, तरी त्याआधी ते नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि राष्ट्राध्यक्ष होण्याआधी आठ वर्षे कॅलिफोर्नियाचे राज्यपाल होते. तेथला राज्यपाल म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच. ट्रम्प यांनी 2016 पूर्वी कोणतेही सरकारी किंवा लष्करी पद सांभाळले नव्हते. मधली पायरीच नव्हती, आणि मला काळजी त्याच गोष्टीची वाटते. नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत, विधानसभेत माणूस लोकांसमोर चुका करतो, लोक त्याला ओरडतात, तो शिकतो किंवा घरी जातो. पडद्यावरून थेट सर्वोच्च पदावर जाणाऱ्याची अशी पारख होत नाही.

प्रश्न : आदेश बांदेकर महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘भाऊजी’ म्हणून गेले, बायकांनी त्यांना ओवाळले, तरी ते आमच्या माहीममधून हरले. असे का झाले असेल?
— एक गृहिणी, दादर

उत्तर : कारण 2009 च्या त्या निवडणुकीत माहीममध्ये लढत दुसऱ्याच गोष्टीवर चालली होती. शिवसेना भवन ज्या भागात आहे त्याच भागात मनसे पहिल्यांदा जोर लावून उतरली होती. शिवसेनेने विद्यमान आमदार सदा सरवणकर यांना डावलून बांदेकर यांना तिकीट दिले, आणि सरवणकर काँग्रेसकडून उभे राहिले. शाखेशाखेत ओळख असलेला माणूस बाहेर पडला तेव्हा त्याच्यामागे शाखेतले लोकही गेले. मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले, सरवणकर दुसरे आणि बांदेकर तिसरे राहिले. 2004 पासून ‘होम मिनिस्टर’मधून पैठणी घेऊन दारात येणाऱ्या भाऊजींवर वहिनींचा लोभ खराच होता, पण त्या वहिनी कल्याण, कोल्हापूर, अकोला अशा सगळीकडे पसरलेल्या होत्या, आणि माहीमच्या मतदारयादीत त्यांतल्या थोड्याच होत्या. दूरचित्रवाणीवरची लोकप्रियता राज्यभर विखुरलेली असते आणि निवडणूक मोजक्या वॉर्डांत जिंकावी लागते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईतल्या वर्सोवा मतदारसंघातून उभ्या राहिलेल्या एका दूरचित्रवाणी कलाकाराचे समाजमाध्यमावर 50 लाखांहून अधिक चाहते होते, आणि त्यांना 155 मते मिळाली.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. आपल्याकडे चर्चा नेहमी पडद्यावर दिसणाऱ्यांची होते. वाहिन्यांच्या मालकांकडे किती सत्ता असते?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : माझ्या दृष्टीने आलेल्या सर्व पत्रांत हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. चेहरा निवडणुकीत पडतो, मालक पडत नाही.

इटलीचे उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगते, कारण त्यात ही सत्ता कशी साचत जाते ते टप्प्याटप्प्याने दिसते. 1980 च्या सुमारास तेथे देशव्यापी थेट प्रक्षेपण करण्याची मुभा फक्त सरकारी वाहिनीला होती आणि खासगी केंद्रांना आपापल्या भागापुरते प्रक्षेपण करता येत असे. बांधकाम व्यवसायातून पैसा मिळवलेले सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी निरनिराळ्या शहरांतली केंद्रे जोडली आणि एकाच कार्यक्रमाच्या कॅसेटी सगळ्यांकडे पाठवून त्या एकाच वेळी लावायची व्यवस्था केली. कागदावर प्रत्येक केंद्र स्थानिक होते, आणि घरात बसलेल्या माणसाला मात्र देशभर एकच वाहिनी दिसत होती. 1984 मध्ये काही न्यायाधीशांनी हे प्रक्षेपण बंद पाडले, तेव्हा पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी वटहुकूम काढून ते पुन्हा सुरू केले. जानेवारी 1994 मध्ये बर्लुस्कोनी यांनी आपण राजकारणात येत असल्याचे निवेदन घरी चित्रित करून त्याची टेप वाहिन्यांकडे पाठवली. पत्रकारांनी प्रश्न विचारायला समोर कोणी नव्हतेच. मार्चच्या अखेरीस ते निवडणूक जिंकले आणि एकूण तीन वेळा पंतप्रधान झाले. अर्थशास्त्रज्ञांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या भागांत त्यांच्या वाहिन्या 1985 च्या आधी पोचल्या होत्या तेथे त्यांच्या पक्षाला इतर भागांपेक्षा थोडी अधिक मते मिळाली. लक्षात घ्यावे की त्या काळात त्या वाहिन्यांवर बातम्या जवळजवळ नव्हत्याच. चित्रपट, खेळ आणि हलकीफुलकी करमणूक एवढेच होते.

युक्रेनमध्ये चेहरा आणि मालक वेगवेगळे होते. वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी 2015 पासून एका विनोदी मालिकेत अचानक राष्ट्राध्यक्ष झालेल्या शाळामास्तरची भूमिका केली, त्याच मालिकेचे नाव पुढे त्यांच्या पक्षाला मिळाले, आणि 2019 मध्ये ते 73 टक्के मतांनी खरेच राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी उमेदवारी जाहीर केली ती 31 डिसेंबर 2018 च्या मध्यरात्रीच्या तोंडावर, ज्या वेळी राष्ट्राध्यक्षांचे नववर्षाचे भाषण दाखवण्याची प्रथा होती त्या वेळी, आणि ज्या वाहिनीवर केली तिची मालकी इहोर कोलोमोइस्की या धनाढ्य उद्योगपतीकडे होती. ती वेळ कोणत्या उमेदवाराला द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार मतदाराकडे नव्हता.

आपल्या देशात तमिळनाडूने हा खेळ उघडपणे खेळून दाखवला. सन टीव्ही 1993 साली सुरू झाली ती करुणानिधी यांच्या भाच्याच्या मुलाने, कलानिधी मारन यांनी. पुढे त्याच घराण्याने केबलच्या धंद्यातही जम बसवला. 2006 च्या निवडणुकीत करुणानिधी यांच्या द्रमुक पक्षाने घरोघरी रंगीत टीव्ही फुकट देण्याचे वचन दिले, सत्ता मिळाली आणि त्याच सप्टेंबरपासून वाटप सुरू झाले. टीव्ही सरकारने दिला, पण केबलची वर्गणी दरमहा घरातूनच जात होती, हा भाग फार थोड्यांनी बोलून दाखवला. 2007 मध्ये घराण्यात फूट पडल्याबरोबर करुणानिधी यांच्या बाजूची कलैग्नार टीव्ही ही नवी वाहिनी आणि सरकारी केबल कंपनी दोन्ही उभ्या राहिल्या. तिकडे जयललिता यांच्या बाजूची जया टीव्ही 1999 पासून होतीच. तेथील प्रेक्षकाला निदान कोणती वाहिनी कोणाची हे पक्के ठाऊक असते. महाराष्ट्रात ते तितके स्पष्ट नसते. ज्या झी समूहाच्या मराठी वाहिनीवर कोल्हे आणि बांदेकर या दोघांचे कार्यक्रम लागत, त्याचे संस्थापक सुभाषचंद्र 2016 ते 2022 या काळात हरियाणातून राज्यसभेवर होते, ही गोष्ट मी अनेक सुशिक्षित घरांत सांगितली आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांना ती नवी वाटली.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्हज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट 2014 मध्ये राजकीय पक्षांना व त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांना प्रक्षेपणाच्या व्यवसायातून दूर ठेवावे अशी शिफारस केली. तिचा कायदा झाला नाही. आपण पत्रकारितेचा अभ्यास करीत आहात, तर वाहिन्यांच्या भागधारकांची माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे मिळते ती काढून वाचण्याची सवय आताच लावून घ्यावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई एका मालिकेतल्या नायिकेच्या भक्त आहेत. ती नायिका आमच्या भागातून निवडणूक लढवणार अशी चर्चा आहे. सासूबाईंना समजावून सांगावे असे वाटते, पण त्यांचे मन दुखवायचे नाही. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाईंच्या आवडीला चुकीचे ठरवू नये, आणि नटी आहे म्हणून ती वाईटच उमेदवार असेल असेही आपण धरून चालू नये. सुनील दत्त 1984 साली मुंबईतून खासदार झाले तेव्हा त्यांच्याविषयीही असेच बोलले गेले असेल; त्यांनी 1987 मध्ये पंजाबातील हिंसाचार थांबावा म्हणून मुंबईपासून अमृतसरपर्यंत पदयात्रा काढली आणि मुंबईतील दंगलींनंतर खासदारकीचा राजीनामा दिला. दुसरीकडे 2012 साली सचिन तेंडुलकर आणि रेखा यांना राज्यसभेवर नामनिर्देशित केले गेले, आणि सहा वर्षांत त्यांची सभागृहातील हजेरी अगदीच तुरळक राहिली. दोघांवर देशाने केलेले प्रेम खोटे नव्हते, पण ज्या कामासाठी ती जागा होती ते काम झाले नाही.

उमेदवारी अर्ज भरले गेले की प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर लागते. 2003 पासून ते बंधनकारक आहे. त्यात शिक्षण, उत्पन्नाचे साधन, मालमत्ता, कर्ज आणि दाखल असलेले गुन्हे सारे लिहावे लागते, आणि आपल्याकडे पुष्कळ उमेदवार ते मराठीतच भरतात. नायिकेचे आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या दोन मुख्य उमेदवारांचे असे तीन कागद छापून आणावेत, आणि दुपारी मालिकेचा पुनःप्रक्षेपित भाग संपला की चहा घेता घेता तिन्ही सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवावेत. आपले मत मात्र त्यात मिसळू नये. त्यांना जे विचारावेसे वाटेल ते एका कागदावर लिहून ठेवावे, आणि नायिका प्रचाराला आपल्या गल्लीत आली की तो कागद सासूबाईंच्याच हातून तिला द्यावा.